एल्डनचं शेवटचं कापड

वर्नाचं जाकीट पुढून मिटेना.

तिच्या मैत्रिणीने, आर्डिथने, दोन्ही कडा ओढून पाहिल्या. मधे चांगली तीन बोटं फट.

"पोट आत घे."

"राहिलंय कुठे पोट, आत घ्यायला?" वर्ना हसायला गेली आणि हसू ओठांवरच मोडलं.

शेतकरी मंडळाच्या हॉलमध्ये सगळ्यांची कपडे चढवायची घाई चालली होती. दरवर्षी शरदात न्यू हॅम्पशरमधल्या या गावात जुन्या लढाईचा देखावा होई, अडीचशे वर्षांपूर्वीच्या वेशात. यंदा त्याआधी नदीकाठी एल्डनच्या नावाने बंदुकांचे बार निघायचे होते. एल्डन म्हणजे वर्नाचा नवरा, वसंतात गेलेला. जाकिटाची निळ्या रेघांची लोकर त्याने विणलेली, शेवटची. मागही विकला गेला होता. वर्नाला आज त्या कापडात उभं राहायचं होतं, एवढंच.

"उसवून सैल करू," आर्डिथ म्हणाली.

"आत कापड आहे कुठे?"

"लोकर आटली असेल," देखाव्यातली त्यांची सोबतीण डार्लीन डोनट चावत म्हणाली.

आर्डिथने आयुष्यभर विमा कंपनीत दावे तपासले होते. 'असेल'वर तिने कधी दमडी मंजूर केली नव्हती. तिने वर्नाच्या पिशवीतून न धुतलेला उरलेला तुकडा काढला आणि जाकिटावर धरला. रेघेला रेघ जुळली. लोकर आटली नव्हती.

मग हॉलच्या कपाटातून मांजरपाटाचं कच्चं जाकीट काढलं. वर्नाने मापासाठी आधी शिवून पाहिलेलं. ते तिच्या अंगावर अलगद बसलं. ऑपरेशननंतर सपाट झालेली छातीची डावी बाजूसुद्धा नमुन्यातच बेतलेल्या आतल्या भरावाने गोल, भरलेली दिसली.

म्हणजे अंग तेच, कापडही तेच. उरला कागद.

"तुझा कागदी नमुना कुठे होता?"

"इथेच, कपाटात. लोकर बेतायला घरी नेला."

"होता तसाच?"

"नाही गं, कोरा करकरीत. माझा जुना चिकटपट्ट्यांनी गोधडी झालेला ना. मला वाटलं, तूच नवा काढून ठेवलास. तू कुठे बोलून दाखवतेस काही!"

"मी नाही काढला."

आर्डिथने कपाटाच्या कुलपाकडे पाहिलं.

वर्नाशिवाय कपाटाच्या किल्ल्या आणखी तिघींकडे होत्या: आर्डिथ, डार्लीन आणि ग्वेन. ग्वेन वेशतपासणीची प्रमुख; गावातल्या नमुन्यांचा संग्रहही तिचाच. या क्षणी ती टेबलापाशी डार्लीनचा नमुना चिमटीत धरून उभी होती.

"कागदावरच शिवणीबाहेरचं मार्जिन? पोरीबाळींचं काम हे! कागदावर फक्त शिवणीची रेघ. मार्जिन कापडावर, खडूने."

"बाई गं, अख्ख्या गावात असं तू एकटीच करतेस," डार्लीन म्हणाली.

आर्डिथने आपली टोपी काढून पाहिली. सकाळी हॉलच्या इस्त्रीने तिच्यावर तपकिरी, चिकट डाग पाडला होता. तेव्हा ती नुसतीच चिडली होती. आता तिने डाग नखाने खरवडला. वितळलेली चिकटपट्टी.

"ग्वेन, जरा स्वयंपाकघरात ये. वर्ना, तूही."

दार लागलं.

"फट एकाच जागी असती, तर वर्ना जाडावली म्हटलं असतं," आर्डिथ म्हणाली. "पण मी दोन्ही जाकिटं एकमेकांवर ठेवून पाहिली. हे प्रत्येक शिवणीला सारखंच कमी आहे. नवा नमुना काढणारीने शिवणीची रेघ गिरवली आणि मार्जिन सोडलंच नाही. वर्ना बिचारी नेहमीसारखी कागदाच्या कडेने कापत गेली."

"मग?"

"तुला जुन्या नमुन्याची नक्कल हवी होती. सुरकुत्या जाव्यात म्हणून तू इस्त्री फिरवली. पट्ट्या वितळल्या, कागद आकसला. तो परत कसा ठेवणार? म्हणून नवा काढून ठेवलास. हात सवयीवर गेला."

ग्वेनने टपकणारा नळ घट्ट केला.

"आणि हे सगळं कशासाठी, तेही सांगते. तुझ्या त्या संग्रहात स्वतःच्या नावाने लावायला!"

ग्वेन हसली. असं हसू आर्डिथने दावा नाकारल्यावर माणसांच्या तोंडावर पाहिलं होतं.

"विम्यातलीच राहिलीस तू," ती म्हणाली. तिने उजवा हात छातीशी नेला आणि तिथेच ठेवला. "पुढच्या सोमवारी ऑपरेशन आहे. कुणाला सांगितलेलं नाही."

आर्डिथच्या हातातली टोपी खाली आली.

गेल्या वर्षी वर्नाचं भराव घातलेलं जाकीट ग्वेननेच परत पाठवलं होतं. साऱ्या हॉलसमोर म्हणाली होती, "रिकाम्या जागी कापूस कोंबणं म्हणजे अस्सल वेश नव्हे, सोंग."

"एल्डनचं कापड होतं ते," वर्ना म्हणाली.

"माहीत आहे."

"मागितला असतास, तर मी नमुना दिला नसता?"

"दिला असतास. म्हणून तर मागता आला नाही."

बाहेर कोणीतरी ढोल वाजवून पाहत होतं. बंदुकवाले जमू लागले होते.

वर्नाने निळ्या रेघांचं जाकीट घडी करून पिशवीत घातलं. मांजरपाटाचं कच्चं अंगावर तसंच ठेवून ती दाराकडे निघाली. कडीवर हात ठेवून थांबली.

"माझी डावी होती. तुझी उजवी ना?"

ग्वेनने मान डोलावली.

"मग माझ्या नमुन्याचा कागद उलटा ठेव," वर्ना मागे न वळता म्हणाली. "आणि मार्जिन सोड."