निंबावरच्या दोन पाट्या

साकेत मला पहिल्यांदा दिसला तो निंबाच्या झाडावर. वर चढून तो त्याच्या कॉम्प्युटर क्लासची पाटी ठोकत होता, आणि मी माझ्या क्लासची पाटी घेऊन खाली उभी.

“मॅडम, हे झाड मी आधी पाह्यलं होतं.”

“मी याच्याखालीच लहानाची मोठी झाली. उतरा.”

उतरला नाही. मग दिग्रसच्या त्या निंबावर दोन पाट्या लागल्या. त्याच्या मशिनींवर विंडोज, माझ्या मशिनींवर लिनक्स. जुन्या मशिनींवर फुकटात चालतं म्हणून मी ते घेतलं होतं, पुढं त्याचाच तोरा मिरवू लागले. तो रस्त्यापलीकडून विचारायचा, “काहून मॅडम, अजून काळ्या पडद्यावरच शिकवून राह्यल्या?” मी म्हणायचे, “तुमचं सकाळचं अपडेट झालं का?” ज्या दिवशी तो विचारायचा नाही, त्या दिवशी मला करमायचं नाही.

दोन वर्षांनी टायपिंगच्या परीक्षेचं पत्र आलं. सोमवारपासून सराव फक्त विंडोजवर. नाक मुठीत धरून मी त्यालाच बोलावलं.

त्यानं मशीन उघडलं, जवळच्या जिनिंग मिलमधून उडून पंख्यात अडकलेला कापूस काढला, आणि लिनक्सच्या शेजारी विंडोज टाकलं. मशीन पुन्हा सुरू झालं ते थेट विंडोज घेऊनच. लिनक्सचा पत्ता नाही. त्यात मी स्वतः लिहिलेले मराठी टायपिंगचे दोनशे धडे होते. दुसरी प्रत ठेवली नव्हती, ती चूक माझी... पण राग त्याच्यावर निघाला.

“मले वाटलं, दोघं बाजूबाजूनं राहतीन—”

“जा तुम्ही.”

दोन दिवस पलीकडून आवाज नाही. मी जेवत होते, पण भाजीत मीठ आहे की नाही ते कळत नव्हतं. रविवारी तो पेनड्राइव्ह घेऊन दारात उभा.

“लिनक्स शिकलो,” तो म्हणाला. “तुमचं काही पुसल्या गेलं नाही. विंडोज मागून आलं अन् दारातच बसलं, एवढंच. धडे आत हायेत.”

त्यानं पेनड्राइव्ह लावून काळ्या पडद्यावर चार ओळी टाइप केल्या, एका बोटानं, खोडत खोडत. मशीन सुरू झालं. पडद्यावर दोन नावं आली, वर लिनक्स, खाली विंडोज. मी वरचं उघडलं. दोनशेच्या दोनशे धडे होते. मला रडू आलं, आणि मी ते लपवलं नाही.

त्यानं मशीन पुन्हा सुरू केलं. परत तीच दोन नावं.

“तीस वर्षं भांडले हे दोघं,” तो म्हणाला. “आता विंडोजवालेच विंडोजच्या आत लिनक्स चालू देतेत.”

“त्यांना तीस वर्षं लागली.”

“आपल्याले दोनच झाली.”

मी पडद्याकडे पाहत राहिले. “हे पुढं का जात नाही?”

“एरवी दहा सेकंद थांबते, मंग आपोआप वरचं उघडते. ते दहा सेकंद मी काढून टाकले. आता तुमी सांगतल्याबिगर ते हलत नाही.” त्यानं कीबोर्डवरचा हात काढला. “...मी बी.”

“कितीही वेळ?”

“कितीही.”

मी उठले. मग ड्रॉवरमधून हातोडी काढून त्याच्या हातात दिली.

“झाडावर चढा. दोन्ही पाट्या काढा.”

“कायले?”

“एकच नवीन करू.”

तो हसला. “नाव कोणाचं वर?”

“ते ठरवायला,” मी म्हटलं, “आपल्याकडे तीस वर्षं आहेत.”