मोडीतल्या गाडीची काळजी

“चोरला! उद्या माझ्या नवऱ्याला माती द्यायची, आणि आज त्याच्या गाडीचा ब्रेक चोरला!”

सुआमेच्या गॅरेज-भंगार वस्तीतल्या घणांच्या दणदणाटावरही दुफीचा आवाज चढला होता. अंगावर सुतकाचं लाल-काळं वस्त्र. समोर विटांवर तिच्या नवऱ्याची, येबोआची, टॅक्सी उभी होती. चाकं उतरवलेली, इंजिनतेल काढलेलं, नाक चेपलेलं. मागच्या काचेवरची अक्षरं मात्र शाबूत होती : ‘घाई कशाला?’

अबेना टिवा पूर्वी शाळेत विज्ञान शिकवायची; आता खासगी तपास करायची. “नीट सांग,” ती म्हणाली.

“मागच्या आठवड्यात उतारावर गाडी थांबली नाही, पुलाच्या भिंतीवर गेली. सगळे म्हणतात, पिऊन चालवत होता! उद्याच्या अंत्ययात्रेत एकही टॅक्सी येणार नाही, एक हॉर्न वाजणार नाही, असं ड्रायव्हरांच्या संघटनेनं ठरवलंय. बावीस वर्षं गाडी चालवली त्यानं, थेंबाला शिवला नाही! म्हणून म्हटलं, गाडी कापायच्या आधी ब्रेक बघा. तुम्ही दुपारी येणार, हे सगळ्यांना सांगितलं होतं.”

“सगळ्यांना म्हणजे?”

“माझ्या दिराला, ह्या भंगारवाल्या इसाहाकूला, आणि न्यार्को मेस्त्रीला. गाडीचं काम तोच करायचा.”

“चोराला आवतणच दिलंत की,” टिवाचा मदतनीस बोन्सू पुटपुटला. टिवानं नुसतं पाहिलं.

बॉनेट उघडं होतं. पायाचा दाब तेलानं चाकांपर्यंत पोचवणारा, ब्रेकचा मास्टर सिलिंडर गायब. बॅटरी, तांब्याचा रेडिएटर जागच्या जागी. रिकाम्या जागेतल्या दोन बोल्टांवर त्यांचे नट हातानं फिरवून ठेवलेले. दोन्ही ब्रेकनळ्यांच्या तोंडात लाकडाच्या छोट्या खुंट्या. टिवानं एक उपसून पाहिली : एक टोक चावून कुंचल्यासारखं झालेलं, दुसरं चाकूनं सपाट कापलेलं.

जागेच्या डाव्या बाजूखाली, मागच्या पत्र्यावर बोटभर रुंदीचा रंग उडाला होता. तिथं तपकिरी गंजाचा जाड थर होता.

“अरेच्चा!” बोन्सूनं पिवळ्या मडगार्डवरचे थेंब पुसले, तर बोट पिवळं झालं. “एवढ्या जुन्या गाडीचा रंग अजून ओला?”

“ब्रेकचं तेल रंग खातं. हे थेंब आजचे आहेत. बोट धू, नाहीतर पोटात जाईल.”

इसाहाकू कोलाची बी चघळत आला. “मॅडम, आज शुक्रवार. आम्ही सगळे नमाजाला गेलो होतो. आणि मी नट खोलत बसलो तर माझी पोरं उपाशी मरतील. आपलं काम छिन्नी आणि घण. खोलायचं नाही, फोडायचं.”

दीर अग्येकुम तणतणत आला. “वहिनी, पुरे तमाशा! गाडी आजच कापा. रस्त्यावरची पोरंसुद्धा बोटं दाखवतात आम्हाला.”

“तुला इतकी घाई का?” टिवानं विचारलं.

“लाज वाटते म्हणून! कापडाचं दुकान आहे माझं. आयुष्यात बॉनेट उघडलेलं नाही. आणि मघापर्यंत वहिनीबरोबर थोरल्यांच्या बैठकीत होतो, विचारा तिला.”

दुफीनं होकारार्थी मान हलवली.

न्यार्को मेस्त्रीचं गॅरेज दोन गल्ल्या पलीकडे होतं. तो दातवण चावत होता. बोटाएवढंच, टोक सपाट कापलेलं.

“मी खोक्यातला कोरा सिलिंडर बसवला होता, दोन महिन्यांपूर्वी,” तो म्हणाला. “अपघातानंतर गाडीचं तोंडही पाहिलं नाही. मेलेल्याबद्दल वाईट बोलू नये, पण बाटलीपुढे कोरा ब्रेक काय करणार?”

त्याच्यामागे फळीवर चंदेरी रंगाचे सहा सिलिंडर मांडले होते. टिवानं एक उचलला. डाव्या बाजूला रंगाला फोड आले होते.

“बोन्सू, सगळ्यांना बोलाव.”

दुफी, अग्येकुम, खांद्यावर घण घेतलेला इसाहाकू, गॅरेज भरलं.

“चोरी पैशासाठी नव्हती,” टिवा म्हणाली, “नाहीतर तांबं आधी गेलं असतं. इसाहाकू फोडतो. अग्येकुमला ब्रेक कुठे असतो हेही ठाऊक नाही. चोरानं मात्र नट खोलले, हरवू नयेत म्हणून परत बोल्टांवर फिरवले, कचरा जाऊ नये म्हणून नळ्यांना बुचं मारली. भंगारात कापायच्या गाडीच्या नळ्यांना! इतकी काळजी कोण घेतो? गाडी परत जोडायची ज्याला सवय आहे, तो. डोकं घाबरलं होतं, पण हात नेहमीचं काम करत राहिले.”

“सुआमेत हजार मेस्त्री आहेत!” न्यार्को ओरडला.

“पण बुचं दातवणाची आहेत, आणि तुझंच दातवण आज आखूड झालंय.” तिनं सोबत आणलेली खुंटी त्याच्या दातवणाच्या टोकाला लावली. काडीवरची वाकडी शीर एका तुकड्यातून दुसऱ्यात सरळ गेली.

“खोक्यातला कोरा, म्हणालास. मग त्याच्याखालचा रंग गळतीनं उडून गंज इतका जाड कसा चढला? तो दिवसांचा नाही, आठवड्यांचा आहे. सिलिंडर बसवल्यापासून गळत होता.” तिनं नखानं फोड खरवडला. खाली केसासारखी चीर होती; तीतून तेल पाझरत होतं. “चीर डावीकडेच. मोडीतला भाग रंगवून तू येबोआला कोरा म्हणून विकलास. आणि आज तोच परत रंगवून फळीवर ठेवलास! फेकवलाही नाही तुला?”

“रंगवला की... चालतो बऱ्याचदा,” न्यार्को पुटपुटला.

अग्येकुमनं डोक्यावरची टोपी काढली. “वहिनी...”

“तुझं नंतर.” दुफीनं इसाहाकूच्या खांद्यावरचा घण ओढून घेतला.

“मावशी, जड आहे तो,” इसाहाकू म्हणाला.

“असू दे.”

“चीर पडलेला पोलिसांना लागेल,” म्हणत टिवानं तो काखेत मारला.

उरलेले पाच दुफीनं जमिनीवर मांडले आणि एकेक फोडला. प्रत्येक घावाबरोबर चंदेरी कपचे उडत होते, आत जुना काळा गंज दिसत होता. न्यार्को भिंतीच्या कडेकडेनं दाराकडे सरकला. बोन्सू दारात आडवा उभा होता.

“जाऊ दे मला,” न्यार्को म्हणाला.

दुफीनं घण टेकवला, पदरानं कपाळ पुसलं.

“घाई कशाला? आधी टॅक्सी स्टँडवर चल. माझा नवरा प्यायला नव्हता, हे तुझ्या तोंडून ऐकू दे त्यांना. मग हॉर्न कसे वाजत नाहीत, बघते मी.”