दोन्ही पाय एकदम

हे मी कुणाकडून ऐकून सांगत नाहीये. ज्या घरात हे घडलं त्याच घरात माझा जन्म झाला, आणि जिच्याबाबतीत घडलं ती माझी सख्खी मोठी बहीण. पटलं तर पटलं. पदरचा एक शब्दही मी घातलेला नाही. उलट एक गोष्ट आजवर दडवली होती, ती शेवटी सांगणार आहे.

गाव रुमानियाच्या उत्तरेला, सुचावा शहरापासून तासाभरावर. १९ ऑक्टोबर २०१९, शनिवार. वेळ रात्रीची नव्हती. दुपारचे तीन वाजले होते आणि अंगणात लख्ख ऊन होतं.

बाबांना जाऊन पस्तीस दिवस झाले होते.

अक्रोड उतरवायला म्हणून ते शिडी घेऊन निघाले आणि झाडाखालीच कोसळले. त्याआधीच्या तासाभरात त्यांनी माझ्या बहिणीला, इलिंकाला, तीनदा फोन केला होता. इलिंका दातांच्या कवळ्या बनवते. हातात गरम मेण होतं. तिने तिन्ही वेळा फोन पालथा घातला. बाबा फोन करायचे ते पाऊस पडला की नाही हे सांगायला.

पण तासात तीनदा त्यांनी कधीच केला नव्हता.

काय सांगायचं होतं त्यांना?

या एका प्रश्नाने तिची झोप उडवली. चाळिसावा, म्हणजे चाळिसाव्या दिवसाचा विधी, होईपर्यंत ती गावी साफ्ता आत्याजवळ राहिली होती. बाबा आपल्या स्वप्नात येतील म्हणून ती रोज वाट बघायची. ते येत नव्हते. मग तिने कुठेतरी वाचलं, की स्वप्नाची वाट बघायची गरज नसते. जागेपणीच त्यात शिरता येतं.

रीत साधी होती. दुपारी उताणं पडायचं. डोळे मिटायचे. शरीराला झोपू द्यायचं, आपण जागं राहायचं. आणि काहीही झालं तरी हलायचं नाही.

काहीही झालं तरी.

पहिल्या दिवशी आत्या दारात येऊन उभी राहिली.

"काय गं हे? दिवसाढवळ्या उताणी, हात सरळ, नाक वर... मेणबत्ती आणू का उशाशी लावायला?"

"आत्या, प्रयोग करतेय. बोलू नकोस ना."

"कर बाई प्रयोग. पण कुशीवर कर. उताणं पडायला पुढे पुष्कळ दिवस आहेत."

त्या दिवशी नाकाच्या शेंड्याला खाज सुटली आणि सगळं फिसकटलं. दुसऱ्या दिवशी तोंडात लाळ साठली. गिळायची नाही म्हटलं की आणखीच साठायची. तिसऱ्या दिवशी गुडघ्यात कळ आली. वहीत तिने लिहून ठेवलंय, 'शरीर परीक्षा घेतं. आपण झोपलोय की नाही ते तपासतं. खाज दुसऱ्या कुणाची आहे असं समजून नुसतं बघायचं. वाढते, वाढते, मग ओसरते.'

हळूहळू जमायला लागलं. हात जड व्हायचे. पाय आहेत की नाहीत ते कळेनासं व्हायचं. छातीवर कुणी गव्हाचं पोतं ठेवल्यासारखं वाटायचं. ती घाबरायची, पण हलायची नाही. हेच हवं होतं तिला. दार इथेच होतं.

सहाव्या दिवशी बाहेरच्या कोंबड्या अचानक गप्प झाल्या.

आणि मग...

धप्.

ओसरीच्या लाकडी फळ्यांवर काहीतरी आदळलं. मग बराच वेळ काही नाही.

धप्.

तिने डोळे उघडले. ओसरी रिकामी होती. कुत्रा पायरीवर झोपलेला, कानसुद्धा हललेला नाही. वहीत तिने लिहिलं, 'आवाज. असे भास होणार हे लिहिलेलंच आहे. दुर्लक्ष करायचं.'

सातव्या दिवशी आवाज ओसरीवरून माजघरात आला.

आठव्या दिवशी, म्हणजे त्या शनिवारी, आत्या चाळिसाव्याच्या प्रसादाचा गहू निवडायला शेजारी गेली होती. इलिंका बाबांच्याच पलंगावर पडली. खाज आली, गेली. लाळ आली, गेली. पोतं छातीवर आलं. कोंबड्या गप्प झाल्या.

धप्.

हलायचं नाही.

धप्.

उंबरा.

धप्... आणि पलंगाच्या पायथ्याशी थांबलं.

कान वाजत होते. ओरडावंसं वाटत होतं. एक बोट हलवलं असतं तरी सगळं संपलं असतं. तिने नाही हलवलं. बाबांनी तीनदा फोन केला होता. तिने तीनदा उचलला नव्हता. आता ती हलणार नव्हती.

मग डोळे मिटलेले असतानाच तिला खोली दिसायला लागली.

सगळं तसंच होतं. खिडकीत पिवळ्या गुतुई फळांची रांग. फक्त त्यांचा वास नव्हता. ती उठून बसली. समोर बाबा होते.

तोच तपकिरी सूट, जो घालून त्यांना पुरलं होतं. हात अंगाला चिकटलेले. तोल सावरत असल्यासारखे ते किंचित डुलत होते.

"बाबा," ती म्हणाली, "फोन का केला होतात?"

त्यांनी तोंड उघडलं. पण बोलले नाहीत. त्यांनी खाली बघितलं. मग तिच्याकडे. मग पुन्हा खाली. दोन्ही हातांत ओझं असलं की आम्हाला दार उघडायला सांगायचे ना, नुसत्या डोळ्यांनी... तसं.

इलिंका वाकली.

दोन्ही घोट्यांभोवती मिळून एक पांढरी पट्टी होती. गाठ घट्ट, ओली.

"थांबा बाबा, सोडते," ती म्हणाली. पण बोटांत जोरच नव्हता. गाठ हलेना. तिने नखं घातली. एक पदर सैल होतोय असं वाटलं, आणि फाटक करकरलं.

"इलिंका! उठलीस का गं? चाळण कुठेय?"

ती जागी झाली. खोलीत कुणी नव्हतं. उजव्या हाताच्या दोन नखांत ओली माती होती. कामामुळे ती नखं अगदी मुळापासून कापते. तरीही.

तिने आत्याला सगळं सांगितलं. आत्या आधी हसली. मग विचारलं, "चालत आला?"

"नाही गं. पावलं नव्हतीच. दोन्ही पाय एकदम... उडी मारल्यासारखं."

आत्याच्या हातातली चाळण खाली गेली. तिने छातीवर क्रूस काढला.

आमच्याकडे मेलेल्या माणसाचे पाय सरळ राहावेत म्हणून पट्टीने बांधतात. पेटीचं झाकण लावायच्या आधी ती पट्टी आठवणीने सोडायची असते. नाहीतर त्याला इथून पुढे चालता येत नाही.

"मी दोम्निकाला सांगितलं होतं सोडायला," आत्या म्हणाली. "तू बाहेर पाद्रीबुवांपाशी होतीस. ती बाहेर येऊन म्हणाली, झालं."

दोम्निका म्हणजे मी.

त्याच संध्याकाळी ताईचा फोन आला. मी यासी शहरात, माझ्या घरी होते.

"दोमी, एक विचारू? बाबांच्या पायाची पट्टी तू सोडली होतीस ना?"

"हो."

"नक्की?"

"सोडली म्हणतेय ना, ताई!"

तिने पुन्हा विचारलं नाही. मग म्हणाली, "मग भासच असणार. उगाच आत्याला घाबरवलं मी."

त्या दिवशी पेटीपाशी मी बाबांवरची चादर गुडघ्यापर्यंत उचलली होती. पायांत मीच दिलेले मोजे होते. एक उलटा घातला गेला होता. तो बघितला आणि मला हात लावता आला नाही. मी चादर खाली सोडली, बाहेर आले आणि म्हणाले, झालं.

ताईला आता स्वप्नात शिरणं सहज जमतं. घर असतं, अंगण असतं, अक्रोडाचं झाड असतं. शिडीसुद्धा असते. बाबा नसतात. त्या शनिवारनंतर ते तिच्याकडे एकदाही आले नाहीत. ती अजून तीन फोनांबद्दल विचारायला त्यांना शोधते आहे.

ते तिला तिथे सापडणार नाहीत, हे मला माहीत आहे.

मी तिसऱ्या मजल्यावर राहते. शनिवारी दुपारी उताणी पडते. ताईची वही मला पाठ आहे. खाज सोसते, लाळ सोसते, छातीवरचं पोतंही सोसते. मग रस्त्यावरची रहदारी गप्प होते आणि खाली जिन्यात, पहिल्या पायरीवर...

धप्.

मला करायचं एवढंच आहे. पडून राहायचं, आणि ते आले की वाकून गाठ सोडायची. फोनबद्दल विचारायचंही नाही.

पण दरवेळी माझा हात हलतो.

मागच्या खेपेला आवाज दाराच्या आत आला होता.

आज पुन्हा शनिवार आहे. अडीच वाजलेत.