दोन पाट्या वाळू

तिजानीचा डावा पाय उजव्यापेक्षा दोन बोटं आखूड आहे. त्यामुळे वाळूच्या उतारावर आडवं चालला की जाताना तो सगळ्यांत सरळ दिसतो, आणि येताना सगळ्यांत वाकडा.

*

कोरड्या वाळूची पाटी एकटा माणूस उचलतो. ओल्या वाळूच्या पाटीला दोघं लागतात.

*

मेंढी तीन दिवस तहान काढते. सहा दिवस नाही.

*

विहिरीच्या तळातून दोराला एक हिसका: पाटी भरली, ओढा. दोन हिसके: थांबा. तीन: मला वर घ्या.

*

नोव्हेंबरात दूझ गावाच्या दक्षिणेला, वाळवंटात, तीन दिवस पाऊस पडला. पडला तो मोठ्या वाळूच्या पलीकडच्या माळावर. तिथे भिजायला कोणीच नव्हतं.

*

नसरची बायको म्हणते, हा दुपारी डोळा लागला तरी मुठी आवळतो.

*

तर निघण्याचं कारण असं. पलीकडच्या त्या माळावर गुडघाभर गवत उभं होतं आणि एप्रिल उजाडला होता. अलीकडे तीन तंबूंच्या तीनशे मेंढ्या शेवटच्या विहिरीभोवतीची काडी न् काडी खाऊन बसल्या होत्या. माळावर पाणी एकाच ठिकाणी होतं, झमलाच्या विहिरीत, आणि ती आजोबांच्या काळात वाळूने बुजली होती. ती उपसायची. पाणी लागलं तर कळप पलीकडे न्यायचा. नाही लागलं तर निम्मी कोकरं खाटकाला द्यायची.

म्होरक्या नसर. आवडता म्हणून नव्हे. झमलाची वाट त्याच्या बापाने त्यालाच दाखवली होती, म्हणून. मागच्या वर्षीही अशाच एका विहिरीवर तो म्होरक्या होता. तिजानी, त्याचा चुलतभाऊ, तळाशी होता. तिजानीने तीन हिसके दिले. दिवस मावळायच्या आत पाणी लागावं म्हणून नसरने आणखी एक पाटी खाली सोडली. एकच. तेवढ्यात वाळू आली, तिजानीच्या कमरेपर्यंत. नसरने त्याला नखांनी उकरून काढलं, पण डावा पाय मोडायचा तो मोडला, आणि आखूड जुळला.

म्हणून या खेपेला निघायच्या आधी तिन्ही तंबूंसमोर नसरला शपथ घ्यावी लागली: खालचा सांगेल ते ऐकेन. अक्षर न् अक्षर.

आणि सोबत कोण यायला तयार झालं? तिजानी. दुसरा त्याचा मेव्हणा लझहर, अंगाने बारीक, तोंडाने भांडखोर. खाली लझहर उतरणार होता.

"तू कशाला येतोस, भाऊ?" नसरने तिजानीला विचारलं.

"उंट हाकायला पाय लागत नाहीत. शिवी लागते. ती शाबूत आहे."

तिजानीची बायको रगय्या कळप घेऊन मागून येणार होती. विहिरीवर तिघंही लागतील, निरोप द्यायला माणूस सुटणार नाही, म्हणून नसरने ठरवलं: सहाव्या दिवसाच्या पहाटेपर्यंत कोणी परत आलं नाही, तर पाणी लागलं असं समजून तिने निघायचं. वाटेच्या खुणा त्याने तिला सांगून ठेवल्या; कळपाच्या चालीने ती वाट तीन दिवसांची होती.

"आणि तिघंही तिथे मेलात तर?" रगय्या म्हणाली.

"तर वहिनी, तिथेच भेटू."

"मेल्यावरही तुझं तोंड बघायचं का मी?"

ती हसली नाही. नसरही नाही.

*

पहिला दिवस नुसता चालण्याचा. दुसऱ्या दिवशी सकाळी शहिली सुटला, दक्षिणेचा तो भट्टीसारखा वारा, आणि टेकड्यांच्या माथ्यांवरून वाळू धुरासारखी निघाली. डोळे मिटून, फेट्याचं टोक दातात धरून ते चालत राहिले. दुपारी एक उंट बुजला. पळाला! त्याच्या पाठीवर पाण्याच्या तीनपैकी दोन पखाली होत्या. लझहर त्याच्यामागे कोसभर धावला आणि रिकाम्या हातांनी परत आला.

"झालं," तो म्हणाला. "म्होरक्याने जवळजवळ सगळं पाणी एकाच उंटावर लादलं होतं. हुशार माणूस!"

खरंच लादलं होतं. त्या उंटाची पाठ चांगली म्हणून. आता एक पखाल उरली होती. नसरला काहीतरी बोलायचं होतं, पण ओठ फुटले होते आणि बोलण्यासारखं काही नव्हतंही. असंच होतं त्याचं. चूक झाली की आधी गप्प बसायचा, मग चिडायचा, आणि माफी मागायची वेळ येईपर्यंत माणसं दुसऱ्या कामाला लागलेली असायची. आज चिडायचंही त्राण नव्हतं.

"माझी चूक," तो म्हणाला.

लझहर उरलेल्या पखालीची गाठ तपासायला लागला.

विहीर संध्याकाळी सापडली. म्हणजे एक खळगा, आणि त्यात झाऊच्या दोन वठलेल्या फांद्या उभ्या.

*

तिसरा दिवस.

खणायचं. वाळू वर ओढायची. हातभर खाली गेलं की झाऊच्या आणि रेतमच्या फांद्या वेटोळ्याने विणून भिंतीला अस्तर लावायचं, नाहीतर वाळू परत आत येते. पुन्हा खणायचं. खाली लझहर. काठावर दोर धरून नसर. तिजानी सांडणीला काठापासून दूर हाकायचा की पाटी वर यायची, मागे आणायचा की खाली जायची. पुढे, मागे. संध्याकाळपर्यंत सांडणीच्या पायांनी वाळूत चर पडला.

राखेत भाजलेली भाकरी, कडू चहा. भाजल्या पिठाच्या बसीसाचा गोळा तिघांत एक.

"पाच पुरुष खोल झालं," लझहर म्हणाला. त्याच्या भुवया वाळूने पांढऱ्या झाल्या होत्या. "वास येतोय ओलीचा."

"तुला सगळ्याचाच वास येतो," तिजानी म्हणाला. "माझ्या लग्नात भांडणाचा आला होता."

"झालं नव्हतं का भांडण?"

"झालं ना. तूच केलंस."

नसर हसला आणि ओठातून रक्त आलं.

*

चौथा दिवस.

सहा पुरुष. सात. सकाळी पहिली ओलसर पाटी वर आली. तिजानीने मूठभर वाळू गालाला लावली आणि तसाच उभा राहिला. गार! तीनशे मेंढ्या नसरच्या डोळ्यांपुढे उभ्या राहिल्या. परवा पहाटे रगय्या निघेल. तिला अडवायला कोणी जाणार नाही. पहिल्यांदाच त्याला वाटलं की यंदा परत जाताना लोक त्याच्याकडे बघतील आणि पायाबद्दल कोणी बोलणार नाही.

दुपारी पाट्या जड झाल्या. एकट्या नसरला काठावरून सारता येईनात.

तेव्हा त्याने ते पाहिलं. काठाच्या पूर्वेकडे, दोन पुरुष खोलीवर, विणलेल्या फांद्यांच्या फटीतून वाळू येत होती. ढासळत नव्हती, नुसती झिरपत होती, चाळणीतून पीठ गळावं तशी. आणि फांद्यांचं अस्तर तिथे पोटासारखं पुढे आलं होतं. सकाळी ते सरळ होतं.

"लझहर! वर ये!"

खालून आवाज घुमला. "आलंय रे! चिखल आहे, घोट्यापर्यंत! दोन पाट्या. फक्त दोन पाट्या!"

"भिंत फुगतेय!"

"फुगू दे!"

आणि दोराला दोन हिसके. थांबा.

तिजानी सांडणीची दोरी धरून उभा होता. "काय म्हणतोय खालचा?"

"ओढू नका म्हणतोय."

"मग झालं. शपथ घेतलीयस तू. अक्षर न् अक्षर."

नसर काठावर पालथा पडून राहिला. वाळू झिरपतच होती, जराही आवाज न करता. शपथ त्याने खरी घेतली होती. मागच्या वर्षी खालच्याचं ऐकलं असतं तर तिजानीचा पाय वाचला असता. हे त्याला वर्षभर रोज कोणी ना कोणी सांगितलं होतं, कधी तोंडाने, कधी नजरेने. पण मागच्या वर्षी खालचा वर यायचं म्हणत होता. हा राहायचं म्हणतोय. या दोन गोष्टी सारख्या आहेत का? कोणाला विचारायचं? माघारी विचारायला कोणी नव्हतं, आणि बाजूला उभा होता तो माणूस ज्याचा पाय गेला होता.

"भाऊ, इथे ये. बघ."

तिजानी लंगडत आला. वाकला. फुगलेली भिंत त्याने बराच वेळ पाहिली.

"मला नको विचारू," तो म्हणाला. "मला सगळ्याच विहिरी तशा दिसतात."

मग त्यानेच नजर वळवली.

नसर उठला. लझहरच्या कमरेचा दोर त्याने सांडणीच्या जोत्याला बांधला.

"हाक!"

"नसर, शपथ..."

"माझी आहे. मी मोडतो. हाक!"

तिजानीने शिवी हासडली. सांडणी निघाली. दोर ताठ झाला. खालून आरोळी आली, मग दोन हिसके, पुन्हा दोन, पुन्हा दोन! नसर दोन्ही हातांनी दोर काठापासून दूर धरून होता. तळव्यांची साल निघत होती. लझहर भिंतीला पाय रोवत होता, येत नव्हता. "हाक!" सांडणी गुडघ्यांवर आली, उठली, ओढली. एक हात काठावर दिसला. नसरने मनगट पकडलं आणि मागे पडला.

लझहर उभा राहिला. पायांना करडा चिखल. त्याने नसरच्या थोबाडीत मारली. मग दुसऱ्या बाजूला.

"दोन पाट्या! हरामखोरा, दोन पाट्या!"

तिघंही विहिरीकडे बघत राहिले.

विहीर उभी होती.

ते बसले. चहा झाला. ती उभीच होती. नसर मनातून तिची विनवणी करत होता, आता पड, पड एकदाची. आणि आपण हे मागतोय याची त्याला लाज वाटत होती. बऱ्याच वेळाने लझहर उठला, दोराचं टोक कमरेला गुंडाळू लागला.

"तुम्ही बसा. मी उतरतो."

नसरने चाकू काढला आणि दोर कापला. मग राहिलेला दोर घेऊन त्याचे हातभराचे तुकडे केले, एकामागून एक, शेवटपर्यंत. जुना दोर होता, चाकू चालत नव्हता. या कामाला फार वेळ लागला आणि कोणी त्याला अडवलं नाही.

"आता निघायचं," तो म्हणाला. "परवा पहाटेच्या आधी नाही पोचलो, तर रगय्या निघालेली असेल."

*

चालणं. उंट दमले म्हणून उतरून चालणं. पखालीतलं पाणी वाटीने, मग टोपणाने. लझहर बोलत नव्हता. पाचव्या दिवशी दुपारी तिजानी बसला आणि म्हणाला, मी इथेच राहतो, छान जागा आहे. नसरने त्याला सांडणीवर बसवलं.

"मागच्या वर्षी पण तूच उचललंस मला," तिजानी वरून म्हणाला. "लोक ते सांगत नाहीत."

"मीच पाडलं होतं."

"ते सांगतात."

सहाव्या दिवसाचं ऊन चांगलं वर आलं तेव्हा ते दोन घळींपाशी पोचले. वाऱ्याने सगळ्या खुणा पुसल्या होत्या. रगय्या निघाली असणार. डावी घळ रुंद, सरळ. उजवी अरुंद, टेकडीच्या कुशीतून. दोन्हींच्या मधे उंच वाळू. चुकीच्या घळीत उभं राहिलं तर कळप पलीकडून निघून जाईल आणि कोणाला पत्ताही लागणार नाही.

नसरचा पाय डावीकडे पडला होता. तो थांबला.

"लझहर. तुझी बहीण आहे. ती कुठून येईल?"

लझहरने दीड दिवसात पहिल्यांदा तोंड उघडलं. "म्होरक्या तू आहेस."

"म्हणून विचारतोय."

लझहर थुंकला, पण थुंकी आली नाही. "उजवीकडून. सोबत कोकरं आहेत. ती सावली धरून चालते."

ते उजवीकडे वळले. घटकाभराने धूळ दिसली!

*

रगय्या काठी टेकून उभी राहिली. तिच्यामागे मेंढ्या, बायका, म्हातारे, तंबू लादलेले उंट. तिने आधी नवऱ्याकडे पाहिलं, मग भावाच्या पायांकडे, मग नसरच्या सोललेल्या हातांकडे.

"काय होतं खाली?"

नसरने शब्द जुळवून ठेवले होते. दोन दिवस तो तेच करत होता. पाणी दोन पाट्यांवर होतं, मी शपथ मोडली, मी त्याला ओढून काढलं. त्याने तोंड उघडलं.

"कोरडी," लझहर म्हणाला.

सगळे त्याच्याकडे बघू लागले.

"तळापर्यंत कोरडी. मी होतो खाली. यांना काय विचारता?"

"तुझ्या पायाला हे काय?"

"उंटाचं मूत. चला, फिरवा मेंढ्या, ऊन चढतंय."

रगय्या भावाकडे बघत राहिली, जितकं बघायचं तितकं. मग तिने काठी उचलली आणि पुढच्या मेंढीला वळवलं. तीनशे मेंढ्या वळायला वेळ लागतो. त्यांतल्या वीस लझहरच्या स्वतःच्या होत्या.

नसर त्याच्या शेजारी चालू लागला. बऱ्याच अंतरानंतर विचारलं, "का?"

"खरं सांगितलं असतं तर आज इथून पाच जण उतरायला निघाले असते. आणि काठावर तू नसतास."

"तू मारलंस मला."

"अजून एक राहिलीय. हात दुखतोय म्हणून थांबलोय."

*

निम्मी कोकरं खाटकाकडे गेली. ऑक्टोबरात खजूर उतरवताना लझहर झाडाच्या शेंड्यावर होता, नसर खाली घड झेलत होता.

"यंदा थंडीनंतर कुठली विहीर?" लझहर वरून ओरडला.

"मला कोण नेणार?"

"मी नेतो. पण खाली तू उतरायचं, दोर मी धरणार."

"मी जाड आहे."

"मग आजपासून कमी खा! घे, हा पकड."

घड खाली आला. जड होता. नसरने तो छातीवर झेलला आणि पाटीत ठेवला.

झमलाच्या विहिरीची पूर्वेकडची भिंत, लझहरला वर काढल्यानंतर, अकराव्या दिवशी सकाळी ढासळून बसली.