लोअरमधला अंगठा

तळवड्याच्या कारखान्यांच्या गल्लीत खंडेनवमीला कुणाचीच सुटका नसते. लेथ, कंप्रेसर, वजनकाटा, झालंच तर मालकाची गाडी, सगळ्यांना हळदकुंकू आणि झेंडूचा हार. यंदा एका शेडमध्ये सीसीटीव्हीलाही कुंकू लागलं. ते नेमकं भिंगावर लागल्यामुळे त्या कंपनीतला दसरा लाल उजाडला.

याच गल्लीत नेमबाजीचा क्लब होता आणि क्लबाची शेड आक्काबाईंच्या जागेवर होती. त्यामुळे आक्काबाई पूजेचं ताट घेऊन आत शिरल्या तेव्हा त्यांना अडवण्याचा प्रश्नच नव्हता. त्यांनी नातीच्या, तनुजाच्या, रायफलीची यथासांग पूजा केली. प्रशिक्षक मधुसूदन त्या वेळी निगडीला घरी स्वतःच्या स्कूटरला ओवाळत होते.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी रायफल अडली. चाप ओढला की मध्येच खरखर. आणि उद्या सकाळी तर राज्याच्या संघाची निवड चाचणी. आजोबांनी, म्हणजे भिमाजींनी, बजावून ठेवलेलं होतं, या खेपेला नाव आलं तर खेळ, न्हाई तर आपल्या मंगल कार्यालयाचा गल्ला सांभाळ. तनुजाच्या डोळ्यांपुढे आत्तापासूनच गल्ला दिसू लागला होता.

"रडू नकोस. साफ करतो," मधुसूदन म्हणाले. "मी साफ केलेली वस्तू अडत नाही."

हे बोलायचा त्यांना अधिकार होता. चाकणच्या एका कंपनीत गुणवत्ता विभागात त्यांची हयात गेली होती. भिंगाखाली दिसत नाही ते नाही, हा त्यांचा धर्म. देवालाही तपासून पास केल्याशिवाय हे फूल वाहत नाहीत, असं त्यांच्या पत्नी चित्राताई म्हणत.

त्यांनी मॅगझिन काढलं, बोल्ट मागे ओढला, नळी रिकामी असल्याची खात्री केली. पिना ढकलून रायफलीचे दोन भाग केले. वर नळी राहिली. खालचा भाग, ज्याच्या पोटात चाप आणि घोडा बसतात आणि ज्याला क्लबात सगळे लोअर म्हणत, तो टेबलावर उताणा घातला. आत अपेक्षेप्रमाणे तेल आणि कुंकवाचा लाल चिखल.

"आजी, ही पूजा केलीत की फोडणी घातलीत?"

"आवो सायेब, म्या फकस्त नळीला बोट लावलं. आत कशी जाणार मी? खार हाय का?" दाराशी बसलेल्या आक्काबाई म्हणाल्या.

मधुसूदननी चापाची जोडणी बाहेर काढली, ब्रश फिरवला, कापसाच्या पट्ट्या पांढऱ्या निघेपर्यंत पुसलं. मग दिवा जवळ ओढला.

लोअरच्या तळाशी, जिथे जोडणी बसली की सुईही शिरत नाही, तिथे कुंकवाचा अंगठा उमटलेला होता. ओला. रेषा न् रेषा स्पष्ट.

त्यांनी तो पुसला. ठसा गेला. पट्टी मात्र कोरी निघाली.

आपला चष्मा बदलायला झाला, अशी नोंद त्यांनी मनात केली. तेलाचा थेंब देऊन सगळं जोडलं, नकली काडतूस घालून चाप ओढला. खरखर. पुन्हा उघडलं.

अंगठा जागेवर होता.

मग त्यांनी कंपनीत करत तेच केलं. चौकशी. तनुजाचा अंगठा भिंगाखाली घेतला, आक्काबाईंचा घेतला, निःपक्षपातीपणा म्हणून स्वतःचाही घेतला. एकही जुळेना. ठशावर आडवी चिरल्याची खूण होती, विळीवर होते तशी.

"काका, दाखवा ना आजीला," तनुजा म्हणाली.

आक्काबाई उठून टेबलाशी आल्या, वाकल्या. शेजारच्या शेडमधला प्रेस तेवढ्यात थांबला. भल्याभल्यांपुढे, आमदारापुढेसुद्धा, न सावरलेला पदर त्यांनी सावकाश डोक्यावर घेतला.

"हे ऱ्हाऊ द्या, सायेब."

"कुणाचा आहे हा?"

"सुनंनं थोरल्यांचं नाव घेऊ न्हाई."

"आजी, उद्या पोरीची चाचणी आहे. आत घाण ठेवून कशी देऊ?"

"घाण न्हाई ती. तुमी पुसताय म्हणून आडतंय."

मधुसूदन हसले. मग त्यांनी पट्टी उचलली, ठशाजवळ नेली आणि थांबले.

लोअर त्यांच्या हातात कोमट लागत होतं.

आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी एक वस्तू न पुसता जोडली. चाप ओढला.

लोण्यातून सुरी जावी तसा गेला.

चाचणीच्या सकाळी ते काचेपलीकडे प्रेक्षकांत बसले होते. तनुजाची गोळी गोळीवर जात होती. मधुसूदनना टाळ्या वाजवायच्या होत्या, पण हात जोडलेलेच राहिले.

निकाल पुकारला. तनुजा संघात!

ती धावतच बाहेर आली, त्यांच्या पाया पडली. आजोबांना फोन झाला होता. भिमाजींनी गल्ल्यावर दुसरं माणूस बघायला घेतलं होतं. ती हसत होती, रडतही होती.

"पण काका, तुम्ही पक्के लबाड. पंचांनी पकडलं असतं तर?"

"मी काय केलं?"

"प्रत्येक गोळीआधी मागून चाललं होतं ना, 'दम धर, पोरी... हां, आता.'"

"तुझ्या कानात बोळे होते, तनुजा."

"तेच ना! गोळीचा आवाजसुद्धा धड येत नव्हता. तुमचा मात्र अगदी कानाशी." तिनं डोळे पुसले. "आणि काका, तुम्ही बाईचा आवाज का काढत होता?"