आतली कडी

कुलूप बसवतो, चावी करून देतो, अडकलेलं दार उघडून देतो. पण खोलीची आतली कडी काढून टाकायचं काम मी घेत नाही. कितीही गळ घाला, नाही म्हणजे नाही. रागावू नका. तुमची चावी घासून होईपर्यंत त्या स्टुलावर बसा, का ते सांगतो.

तेव्हा मी कुलूपवाला होतो आणि चोरही. ज्या घरात काम करायचो, त्याच घरात काही दिवसांनी परत जायचो. तेही भर दुपारी. खांद्याला हत्यारांची पिशवी आणि हातात पेचकस असला, की माणसाला कुणी हटकत नाही. उलट जिन्यात भेटलेले लोक म्हणायचे, "जाता जाता आमचंही दार बघून जा हो."

असंच एकदा एका गृहस्थाने बोलावलं. दुसऱ्या मजल्यावरचं घर, सगळं जागच्या जागी. झोपायच्या खोलीच्या दाराला पितळेची जाड कडी होती, आतून. ती काढायची होती.

"बायकोला फिट येतात," ते म्हणाले. "कडी लावून आत पडली, तर दार उघडणार कोण?"

मला पटलं. ते बाल्कनीत फोनवर बोलायला गेले आणि मी कामाला लागलो. तेवढ्यात ती पाणी घेऊन आली. तिशीही ओलांडली नसेल. पेला पुढे करताना हातातली बांगडी खाली घसरली. बांगडी सोन्याची होती. तिच्याखाली मनगट काळंनिळं पडलेलं होतं. मला दोन्ही दिसली. मनात राहिली ती बांगडी.

"दादा, काढायलाच हवी का ती?" तिनं हळूच विचारलं.

"साहेबांनी सांगितलंय ना, ताई."

"मला फिट येत नाहीत..."

मी हसलो. खरंच हसलो हो. "मग तर काळजीच मिटली," म्हणालो आणि शेवटचा स्क्रू काढला. ती कडीच्या जागी उरलेल्या चार भोकांकडे बघत उभी राहिली. निघताना खुंटीवरच्या चावीचा ठसा मी साबणाच्या वडीवर घेतला. कडी चांगली होती, म्हणून तीही पिशवीत टाकली.

नंतर तीन आठवडे मी दुसऱ्या गावी होतो. परतल्यावर एका दुपारी तिथे गेलो. बाहेरून कुलूप. बेल वाजवली, थांबलो, मग माझ्या चावीनं आत शिरलो.

पडदे ओढलेले. घरात फिनेलचा वास, आणि त्याच्या आडून दुसरा एक, बरेच दिवस न वाळलेल्या कपड्यांसारखा. कुठे पंखा नाही, नळाचा थेंब नाही. कपाट झोपायच्या खोलीत होतं. मी दाराला हात लावणार, तोच आतून काहीतरी घासत आल्याचा आवाज आला. जड खुर्ची दाराशी ओढावी तसा.

"कोण...?"

मी पेचकस पिशवीतून काढून हातात धरला.

"मी... कुलूपवाला, ताई."

मग, "कडी आणलीत?"

पिशवीत ती कडी तशीच होती. "आणलीय," मी म्हणालो. चोरी पकडली गेली नाही, याच आनंदात होतो मी.

खुर्ची मागे सरकली. दार उघडून आत गेलो, तर ती कपाट आणि भिंतीमधल्या सांदीत उभी होती, भिंतीकडे तोंड करून. केस ओले वाटत होते. नवऱ्याशी भांडण झालं असेल, रडत असेल, असं समजून मी तिकडे बघायचं टाळलं आणि कडी जुन्या जागी धरली.

"लांब स्क्रू लावा, दादा. छोटे... निघून येतात."

लांब स्क्रू लावले. एकेक पिळून घट्ट केला. खोलीत इतकं गार होतं, की पेचकस हाताला डसत होता. आणि इतक्या वेळात मला एकच श्वास ऐकू येत होता, माझा.

खाली फाटक वाजलं.

"आले," ती म्हणाली. "तुम्ही जा. मी लावून घेते."

मी बाहेर पडलो. मागे कडी सरकली. जिन्यात बूट वाजत होते, म्हणून समोरच्या न्हाणीघरात शिरलो आणि दार लोटून घेतलं.

गृहस्थ एकटेच आले. कुलूप नाही, दार नुसतं ओढलेलं बघून काहीतरी पुटपुटले, सरळ खोलीकडे आले. दार ढकललं. पुन्हा ढकललं. मग खांदा लावला.

"कोण आहे आत?"

आतून कडी एकदा हलली. नीट लागली आहे ना, हे कुणी तपासून बघावं तशी.

ते दाराशीच खाली बसले. आवाज लहान झाला होता. "तू नाहीस... मी स्वतः स्मशानात पोचवलं तुला. बारा दिवस झाले. मुद्दाम नाही आपटलं गं तुझं डोकं... ओरडत होतीस, लोक ऐकतील म्हणून... पलंगाचा कोपरा लागेल, हे मला काय माहीत?"

न्हाणीघरात मी स्वतःचं तोंड दोन्ही हातांनी दाबून धरलं होतं. थोड्या वेळानं ते धडपडत उठले आणि दार सताड उघडं टाकून जिना उतरून गेले.

मला त्या खोलीवरूनच जायचं होतं. भिंतीला घासत निघालो.

"गेले का, दादा?"

मी थांबलो. का, ते आजही सांगता येत नाही. "गेले, ताई."

"आता नाही ना येणार?"

"नाही येणार," मी म्हणालो.

आयुष्यात कुणाला दिलेला शब्द मी तोवर पाळला नव्हता. त्या दिवशी तडक पोलीस चौकीत गेलो.

इन्स्पेक्टरनी आधी मला दोन ठेवून दिल्या. "चोरी करायला गेलास आणि मेलेल्या बाईचं दार दुरुस्त करून आलास?" पण बारा दिवसांपूर्वी फिट येऊन गेली म्हणून नोंदलेली बाई त्यांच्याही डोक्यात कुठेतरी खुपत असावी. संध्याकाळी शिपाई घेऊन आले. दार आतून बंद होतं. फोडलं. आत कुणी नव्हतं आणि खिडकीला गज होते. पलंगाच्या पायाच्या खाचेत वाळलेलं रक्त सापडलं. नवऱ्याला आणून त्या दारासमोर उभं केलं, तेव्हा विचारायचीसुद्धा गरज पडली नाही.

घरफोडीबद्दल मला शिक्षा झाली. ती भोगत असताना एक दिवस भेटीला कुणीतरी आलंय म्हणून सांगितलं. मला कोण येणार? जाऊन बघतो तर जाळीपलीकडे तिची आई.

"माझी लेक तुझ्याशी बोलली म्हणतात."

"हो, आई."

"घाबरलेली होती का रे?"

"आधी होती. कडी लागल्यावर नव्हती."

ती डोळ्यांना पदर लावून बसली. मग म्हणाली, "एकदा पळून आली होती माझ्याकडे. चार दिवसांत राग निवळेल, म्हणून मीच परत नेऊन सोडली. जिना चढून वर नाही गेले बघ. खालूनच फिरले."

"आता येते ती घरी," ती एकदम हळू आवाजात म्हणाली. "तिच्या खोलीत. सकाळी मी चादर ताणून घालते, संध्याकाळी गादीवर खळगा असतो. कुशीवर झोपायची, अगदी तसाच. मी म्हटलं, येऊ दे. आता नाही पाठवणार. पण या मंगळवारपासून..."

"काय, आई?"

"त्या खळग्याच्या पोटाशी दुसरा एक असतो. एवढासा." तिनं दोन्ही हातांची ओंजळ करून दाखवली. "डॉक्टरांच्या कागदात तिला दिवस गेल्याचं काही लिहिलेलं नाही रे. तिघांकडून वाचून घेतला. तुला काही बोलली होती का ती?"

मी मान हलवली. नाही.

ओंजळ तिनं सोडली नाही. तशीच, जपून धरून बसली.

"हात लावून बघितला मी," ती म्हणाली. "मोठा गारठलेला होता. छोटा मात्र... ऊबदार होता."