लिकागवा मायींचे बावीस तास

गेल्या वर्षी जूनमधल्या एका मंगळवारी मी दोन नंबरच्या हॉलमध्ये माइकची वायर बदलायला गेलो होतो. काम दहा मिनिटांचं. बाहेर चिपेरोनीचं, थंडीतल्या झिमझिम पावसाचं धुकं उतरलं होतं. तीन दिवस झोम्बाचा डोंगर दिसला नव्हता, आणि दुपारचे दोन वाजलेत की संध्याकाळचे सहा, हे घड्याळ बघितल्याशिवाय कळत नव्हतं. हॉलमध्ये ओल्या लाकडाचा वास होता, खडूचा होता, आणि कुणीतरी बाकाखाली टाकून दिलेल्या तळलेल्या मंदासी वड्याचा. मी वायर बदलली, बटण दाबलं, लाल दिवा लागला. चाचणी म्हणून "एक, दोन, तीन" म्हणालो आणि बटण दाबून बंद केलं.

मागच्या खोलीत जाऊन हेडफोन लावले. माझ्या 'एक'च्या आधी कुणीतरी हलकेच 'एक' म्हणालं होतं. 'दोन'च्या आधी 'दोन'. 'तीन'च्या आधी 'तीन'.

बाईचा आवाज होता, आणि तो मी ओळखला. ती बाई जानेवारीत गेली होती.

शेगडीजवळ सरका जरा. आधी मागचं सांगावं लागेल.

मी ग्रेशम मकावा, विद्यापीठातला तंत्रज्ञ. प्राध्यापकांनी आपापले तास रेकॉर्ड करावेत असा हुकूम निघाला, तेव्हा ते यंत्र चालवणं म्हणजे शिक्षा होती. नाव टाका, परवलीचा शब्द टाका, माइक निवडा, कॅमेरा निवडा. निम्मे लोक सुरू करायलाच विसरायचे. एका म्हाताऱ्या सरांनी अख्खा तास फक्त स्वतःच्या टायचं चित्रण केलं होतं.

डॉक्टर एनिफा लिकागवा एक दिवस तावातावाने माझ्या खोलीत आल्या. "बाम्बो मकावा, मला देवाने दोनच हात दिलेत," त्या म्हणाल्या. "एकात खडू, दुसऱ्यात पाण्याचा ग्लास. तुमचं हे यंत्र काय नाकाने चालवू?"

"नाकाने नको, मायी," मी म्हणालो. आमच्याकडे मोठ्या बाईला मायी म्हणतात, पुरुषाला बाम्बो. "बोटाने चालेल असं करतो."

आणि केलं. टेबलावर एकच मोठं बटण. दाबलं की सुरू, पुन्हा दाबलं की बंद. संध्याकाळपर्यंत तास मुलांच्या फोनवर. मायी रोज यायच्या, चुका काढायच्या, येताना उकडलेलं मक्याचं कणीस आणायच्या. ते बटण त्यांनी सगळ्यांत आधी वापरलं. शिरे नदीच्या पुरावरचे त्यांचे बावीस तास त्यावर झाले, पण तेव्हा चाचणीच चालू होती, मुलांच्या फोनवर अजून काही जात नव्हतं. पाणी कुठून चढतं, कुठल्या गावाला किती वेळ मिळतो, हाका कुणी मारायच्या. खालच्या खोऱ्यात त्यांच्या बहिणीचं घर माणसांसकट वाहून गेलं होतं. ते सांगताना त्यांचा आवाज कधी चढला नाही. मुलं श्वास रोखून बसायची.

प्रोफेसर हॅस्टन नाम्बाझो विभागप्रमुख होते. उंच माणूस, तोंडावर कायम हसू. मायी मूत्रपिंडाच्या आजाराने ब्लांटायरच्या दवाखान्यात पडल्या होत्या, तेव्हा ते माझ्याकडे आले आणि दार लावून घेतलं.

"त्या बाईंचे तास चाचणीचेच होते ना? मला एक प्रत दे, आणि बाकी पुसून टाक."

"सर, त्यांना एकदा विचारून…"

"तू अजून नोकरीत कायम झालेला नाहीस, नाही का मकावा?" त्यांनी हसतच विचारलं.

मी प्रत दिली. बावीस तास पुसले. पुढच्या महिन्यात मी कायम झालो.

मायी परत आल्या तर त्यांचा पुराचा अभ्यासक्रम नाम्बाझोंच्या नावावर जाहीर झालेला. शब्द न् शब्द तोच. त्यांनी तक्रार केली. चौकशी समितीने मला बोलावलं. रेकॉर्डिंग होतं का, एवढाच प्रश्न होता. मायी समोर बसल्या होत्या. पाय इतके सुजले होते की चपला काढून बाजूला ठेवल्या होत्या.

"चाचणी चालू होती," मी टेबलाकडे बघत म्हणालो. "काही साठवलं नव्हतं."

बाहेर व्हरांड्यात त्यांनी मला गाठलं. ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

"मायी, मला लेकरं आहेत…" मीच आधी म्हणालो.

"असू देत, सुखी राहोत." त्या भिंतीला धरून उभ्या होत्या. "मी ते सगळं परत बोलणार आहे, मकावा. पहिल्या शब्दापासून. आणि तुम्हाला ते ऐकावं लागेल."

दोन महिन्यांत त्या गेल्या. दफनाला विद्यापीठाची बस गेली, शिपायांपासून कुलगुरूंपर्यंत सगळे गेले. मी गेलो नाही. आमच्याकडे मयताला न जाणारा माणूस लोकांच्या लक्षात राहतो.

तर, तो मंगळवार. गुरुवारी नाम्बाझोंचा पहिला तास त्याच हॉलमध्ये होता. मी काचेमागच्या खोलीत हेडफोन लावून बसलो. त्यांनी बटण दाबलं, घसा साफ केला आणि बोलायला लागले. प्रत्येक वाक्याच्या अर्धा श्वास आधी तेच वाक्य मायी म्हणत होत्या. अगदी हळू, वर्गात अडखळणाऱ्या मुलाला बाई सांगतात तसं.

हॉलमध्ये कुणालाच काही ऐकू येत नव्हतं. तास संपल्यावर मी सरांना आत बोलावून ऐकवलं. त्यांच्या कपाळावर घाम आला, पण हसू तसंच राहिलं.

"जुनं काहीतरी आत राहिलं असेल. पूस ते."

"सर, ते मी तेव्हाच पुसलंय. तुमच्या समोर."

"मग माइक बदल!"

माइक बदलला, वायर बदलली, शेवटी यंत्रच बदललं. दर तासाला आवाज पुढे सरकत गेला. आधी एका श्वासाने पुढे होता, मग एका वाक्याने, मग दोन वाक्यांनी. त्यामुळे नाम्बाझो पुढे काय बोलणार, ते मला त्यांच्या आधी कळायचं. एकदा आवाज खोकला. दोन वाक्यांनंतर नाम्बाझो खोकले.

तेव्हा मला कळलं की मायी त्यांच्या बरोबरीने बोलत नव्हत्या. त्या त्यांना बोलायला लावत होत्या.

जुलैच्या शेवटी बाविसावा तास होता. लिलाँग्वेहून मोठे पाहुणे आले होते. पहिल्या रांगेत कुलगुरू, मागे तीनशे मुलं. काचेवर बाहेरून धुकं, आतून श्वासांची वाफ. नाम्बाझोंनी नवा कोट घातला होता. त्यांनी बटण दाबलं. लाल दिवा लागला.

माझ्या कानात मायी स्पष्ट म्हणाल्या, "मित्रांनो, यातलं एकही वाक्य माझं नाही."

मी मान वर केली. नाम्बाझो शांतपणे पाणी प्यायले. ग्लास ठेवला.

"मित्रांनो," ते म्हणाले, "यातलं एकही वाक्य माझं नाही."

मुलं हसली. त्यांना तो विनोद वाटला. नाम्बाझोंना काय बोललो ते उशिरा कळलं असावं, कारण त्यांनी टेबलाची कड घट्ट धरली. कानात आवाज चालूच होता. घाई नाही, राग नाही… पूर शिकवताना असायचा तसाच.

"एनिफा लिकागवा दवाखान्यात होत्या, तेव्हा मी त्यांचे बावीस तास चोरले…"

त्यांनी दोन्ही हात तोंडावर दाबले. शब्द बोटांच्या फटींतून आले. ते बोलत गेले. दार कसं लावून घेतलं, काय धमकी दिली, समितीतल्या कुणाला आधी भेटले, मायींच्या मयताला सगळ्यांसमोर रडताना मनात काय होतं. शेवटचं ऐकून पाहुण्यांतल्या एक बाई उठून बाहेर गेल्या.

रेकॉर्डिंग बंद करायची सोय माझ्या खोलीतही होती. हात लांब केला असता तर पोचला असता. मी केला नाही. का, ते मला आजही नीट सांगता येत नाही. पण माझं नाव अजून आलं नव्हतं, एवढं लक्षात होतं.

मग मायी म्हणाल्या, "आता मी माझी जीभ चावणार आहे."

मी काचेवर मुठी आपटल्या. "सर! सर, तोंड उघडा! उघडं ठेवा…"

ती काच आवाज बाहेर जाऊ नये म्हणूनच बसवलेली आहे. नाम्बाझोंनी माझ्याकडे बघितलं, लहान मूल बघतं तसं. तेच वाक्य त्यांनी पाहुण्यांकडे वळून नीट, पूर्ण म्हटलं. मग रक्त हनुवटीवरून नव्या कोटावर उतरलं.

किंकाळ्या, बाकांचा खडखडाट. त्या सगळ्यातही माझ्या कानात आवाज तेवढाच शांत.

"आता मकावा…"

मी हेडफोन ओढून काढले आणि भिंतीवर फेकले. पुढचं ऐकलं नाही.

नाम्बाझोंची जीभ टाके घालून शिवली, पण बोलणं परत आलं नाही. ते न्चेऊकडे आपल्या गावी असतात. मी दुसऱ्या दिवशी कुलसचिवांसमोर सगळं लिहून दिलं. मला काढतील असं वाटलं होतं. त्यांनी ठेवलं, कारण ते यंत्र दुसऱ्या कुणाला समजत नाही. आणि एका सकाळी मायींचे बावीस तास यादीत जागच्या जागी होते. कुणी परत आणले, ते मी विचारलं नाही. यंदाच्या पावसात खालच्या खोऱ्यातलं एक गाव ते बघून वेळेत टेकडीवर चढलं म्हणतात. मायींच्या कबरीवर मी फुलं ठेवून आलो. बायकोला म्हणालो, मिटलं एकदाचं.

याच सोमवारी यादीत नवी नोंद आली. हॉल दोन. लांबी चार मिनिटं. बोलणारा: ग्रेशम मकावा. मी जन्मात कधी शिकवलेलं नाही. तारीख उद्याची आहे, शुक्रवारची. मी पुसायला गेलो, ती पुसली जात नाही. उघडायची हिंमत झाली नाही, पण प्रत्येक नोंदीशेजारी एक छोटं चित्र असतं, ते दिसतंच. मी टेबलामागे उभा आहे. दोन्ही हात तोंडावर. अंगात हिरवा स्वेटर, कोपरावर ठिगळ.

माझ्याकडे हिरवा स्वेटर नाही. तीन दिवस मी स्वतःला एवढंच सांगत होतो.

आज दुपारी बायको बाजारातून आली. जुन्या कपड्यांचा नवा गठ्ठा फुटला होता म्हणे. "थंडी बघा किती पडलीय," ती म्हणाली. "तुमच्याच मापाचा वाटला. कोपर तेवढं फाटलंय, मी ठिगळ लावते."

ती आत दिव्याजवळ बसलीय बघा. सुईत दोरा ओवतेय.